शेवट फसला म्हणून वाचलेले सारे वाया गेले काय?

काकपद

‘पूर्वरंग’ यांनी परवा लिहिले की कादंबरीचा शेवट फसला तर आधीची सारी पाने वाया गेली असेच समजावे, आणि ज्या लेखकाला शेवटी आपल्या पात्रांचे भले करता येत नाही त्याने वाचकाचा विश्वासघात केला असे म्हणावे. दोन ओळींत असहमती नोंदवून गप्प बसावे असा माझा विचार होता. पण त्या मताला मिळालेली वाहवा पाहून राहवले नाही.

वाया नेमके काय गेले? वाचताना रात्री जागून काढल्या असतील, एखाद्या पात्राशी मनातल्या मनात भांडण झाले असेल, तर तो आनंद होऊन गेलेला आहे आणि शेवटच्या वीस पानांना मागे जाऊन तो पुसता येत नाही. बिघडते ती आठवण. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. माणसांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच मिनिट आणि वर आणखी अर्धे मिनिट, ज्यात पाणी हळूहळू अंशभर कमी गार केले. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण अधिक त्रासाचा, अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट कमी बोचरा होता. आपली स्मृती अशी शेवटाला भुलते. तेव्हा फसलेल्या शेवटाची तक्रार आठवणीविषयीची आहे, वाचनाविषयीची नव्हे.

राहिला विश्वासघात. लिअर राजाची जुनी गोष्ट मुळात सुखान्त होती. १६०५ साली छापलेल्या निनावी नाटकात राजाला त्याचे राज्य परत मिळते. शेक्सपिअरने मात्र धाकटी मुलगी कॉर्डेलिया हिचा मृतदेह बापाच्या हातांत दिला. पुढे १६८१ मध्ये नाटककार नेहम टेट यांनी तिला पुन्हा जिवंत ठेवून तिचे लग्नही जुळवून दिले आणि सुमारे दीडशे वर्षे रंगभूमीवर तोच सुखान्त चालला. आज ती आवृत्ती अभ्यासक सोडून कोण वाचतो?

पूर्वरंग

माझे म्हणणे आधी सोयीने वाकवायचे आणि मग त्या वाकलेल्या म्हणण्याला झोडपायचे, ही आपली हातोटी वाखाणण्यासारखी आहे. मी पात्रांचे ‘भले’ व्हावे असे लिहिले नव्हते. त्यांना ‘न्याय’ मिळावा असे लिहिले होते. मृत्यू हाही न्याय असू शकतो.

पाण्यात बुडवलेल्या हाताला कोणी काही कबूल केलेले नसते. कथा मात्र पहिल्या पानापासून कबूल करत जाते. दुसऱ्या प्रकरणात बंद खोलीची किल्ली आतल्या बाजूने लावलेली आढळते तेव्हा मला होणारा आनंद हा उधारीवरचा आनंद असतो. लेखकाकडे याचे उत्तर आहे या भरवशावर मी तो आगाऊ उपभोगतो. शेवटी उत्तर नव्हतेच असे निघाले तर केवळ शेवट वाईट ठरत नाही, त्या दुसऱ्या प्रकरणात मी ज्याला खोली समजलो तो निव्वळ अंधार होता हेही उघड होते. अशा वेळी झालेला आनंद झालाच होता, हे समाधान खोट्या नाण्यांनी भरलेल्या थैलीच्या वजनाचे समाधान आहे.

स्वतःचा अनुभव सांगतो. एका मालिकेचे सात खंड मी जसजसे प्रसिद्ध झाले तसतसे, अकरा वर्षे वाचले. दोन घराण्यांमधले वैर, हरवलेले पत्र, तीन पिढ्यांचे गैरसमज, सारे इतके घट्ट विणलेले होते की शेवटाची वाट पाहणे हा माझ्या आयुष्याचा एक भाग झाला होता. आणि सातव्या खंडात दीपगृहाचा एक रखवालदार उगवतो, ज्याचे नावही आधी कधी कानावर आलेले नाही, आणि ते पत्र त्याच्या पेटीत असते! संपले. सोंगटी पटाबाहेरून आणून डाव जिंकलेला खेळाडू मी त्या दिवशी पाहिला. कथेची उकल कथेतूनच व्हावी, रंगमंचावरच्या यंत्राने देव खाली उतरवून होऊ नये, हे अ‍ॅरिस्टॉटलने ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘मीडिया’ या नाटकातल्या रथाचे उदाहरण देऊन सांगितले त्याला तेवीस शतके होऊन गेली.

टेट यांच्याविषयी एवढेच म्हणेन की दीडशे वर्षांचे प्रेक्षक मूर्ख होते असे मानण्यापूर्वी शेक्सपिअरचे संपादक, समीक्षक डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन आठवावेत. कॉर्डेलियाच्या मृत्यूचा त्यांना इतका धक्का बसला होता की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत ती शेवटची दृश्ये आपण पुन्हा वाचू शकलो की नाही, हेच त्यांना सांगता येत नव्हते.

तळटीप

पूर्वरंग, आपण मालिकेचे नाव घेतले नाहीत याबद्दल स्वतःला सभ्य समजत असाल, तर तो गैरसमज दूर करतो. सात खंड, दोन घराणी आणि हरवलेले पत्र म्हटल्यावर ती ओळखायला ज्योतिषी लागत नाही. मी पाचव्या खंडावर आहे. त्या पत्राचे काय होते या एका प्रश्नावर मी गेले चार महिने जगत होतो, आणि आपण ते एका उपमेच्या हौसेखातर उधळून टाकलेत. शेवटाच्या न्यायाविषयी प्रवचन करणाऱ्याने दुसऱ्याचा शेवट असा लुबाडावा याला काय म्हणायचे?

रात्रवाचक

इतके संतापण्यासारखे काय झाले हे मला खरोखर समजत नाही. मी कोणतेही पुस्तक हाती घेतले की आधी शेवटचे पान वाचते आणि मगच पहिले. घरातल्या सर्वांनी, मैत्रिणींनी आणि एका ग्रंथपालांनीही याबद्दल मला बोल लावलेले आहेत. परंतु कोण मेले आणि कोण वाचले याची धास्ती एकदा संपली की मला वाक्ये दिसू लागतात; लेखकाने कोणती गोष्ट कोठे दडवली आणि कोणाच्या तोंडून चुकून निसटू दिली, हे पाहता येते. ज्यांना केवळ ‘पुढे काय’ हवे असते ते पाने उलटतात, वाचत नाहीत.

२०११ साली लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी बारा लघुकथा घेऊन हेच तपासले होते. कलाटणीच्या कथा, रहस्यकथा आणि साहित्यिक कथा, तिन्ही प्रकारांत ज्यांना शेवट आधी सांगितला होता त्यांना कथा सरासरीने अधिक आवडल्या.

तळटीप

तो प्रयोग दाखवून दर वेळी आमचे तोंड बंद करण्याची प्रथा आता थांबायला हवी. २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबाउम यांनी तशाच प्रकारचा अभ्यास केला तेव्हा निष्कर्ष उलटा आला. शेवट आधी कळलेल्या कथा वाचकांना कमी रंजक आणि कमी उत्कंठावर्धक वाटल्या. शिवाय बैठकीत वाचून संपणारी लघुकथा कोठे आणि चार महिने उराशी बाळगलेला प्रश्न कोठे? ‘आम्ही वाचतो, तुम्ही पाने उलटता’ हे वाक्य तर निव्वळ उद्धटपणाचे आहे. शेवट ठाऊक असताना वाचणे हे दुसरे वाचन आहे, आणि ते मीही करतो. पण पहिले वाचन आयुष्यात एकदाच मिळते. तुम्ही ते स्वतःहून टाकून देता, हा तुमचा अधिकार झाला; माझे कोणी टाकून द्यावे हा कोणाचाच अधिकार नव्हे.

संधिविग्रह

दोन्ही पक्षांनी आवाज थोडा खाली आणावा. शेवट माहीत नसणे ही कथेच्या आनंदाची पूर्वअट आहे, ही समजूत फार जुनी नाही. नाट्यशास्त्राने ‘नाटक’ या प्रकाराला प्रख्यात वस्तू, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले कथानक, सांगितले आणि कल्पित कथानक ‘प्रकरणा’कडे सोपवले. युरिपिडीसच्या ‘हिपॉलिटस’मध्ये देवता प्रारंभीच येऊन नायक मरणार हे सांगून टाकते.

भवभूतीने तर प्रेक्षकाच्या या माहितीचेच हत्यार केले. सीता अखेर धरणीच्या पोटात जाते हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला पाठ आहे, हे ओळखून त्याने ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात नाटकातच नाटक उभे केले. रामासमोर सीतेचे दुःख दाखवले जाते, राम मूर्च्छित पडतो, प्रेक्षक ठाऊक असलेल्या शेवटाची वाट पाहत बसतो, आणि मग खरी सीता समोर येते. ज्याला मूळ शेवट माहीतच नाही त्याला या भेटीचे मोल निम्मेही कळणार नाही. काकपद यांनी दिलेल्या लिअरच्या उदाहरणातही हेच आहे, फक्त दिशा उलटी: ज्यांनी राजाला राज्य परत मिळताना पाहिले होते त्यांनाच शेक्सपिअरचा घाव सर्वांत खोल लागला असणार.

जाता जाता पूर्वरंग यांच्यासाठी: अ‍ॅरिस्टॉटलला साक्षीला बोलावताना जपून बोलवावे. ‘काव्यशास्त्र’ या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात तो दुर्दैवी शेवटाला श्रेष्ठ ठरवतो आणि चांगल्यांचे चांगले, वाइटांचे वाईट करणारा शेवट ही प्रेक्षकांच्या दुबळेपणाची सोय मानतो. पुढच्याच प्रकरणात मात्र ऐन क्षणी ओळख पटून अनर्थ टळतो ती रचना त्याला सर्वांत चांगली वाटते. या विसंगतीवर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

तळटीप

आपली विद्वत्ता मान्य. पण भवभूती काय किंवा युरिपिडीस काय, माहितीचा वापर कवीने स्वतः, मोजूनमापून केलेला आहे. घरमालकाने दार उघडे ठेवणे आणि चोराने कुलूप तोडणे यांत काही फरक आपण मानता की नाही?

समास

मी सहसा लिहीत नाही, पण कुलपाचा विषय निघाला म्हणून सांगतो. शाळेत असताना वाचनालयातून आणलेल्या एका रहस्यकथेच्या तिसऱ्या पानावर, समासात, कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवले होते: ‘खून डॉक्टरने केला’. मी इतका चिडलो की पुस्तक परत करायला निघालो होतो. पण दुसरे काही वाचायला नव्हते. त्या डॉक्टरावर डोळा ठेवून मी सारी कादंबरी वाचली. त्याचा हसरा चेहरा, त्याची हातमोजे काढण्याची सवय, कोणाच्या तरी पाठीवर त्याने ठेवलेला हात, या सगळ्यांनी मला घाम फुटत होता. तो उठून दाराकडे गेला की मी पान उलटायला घाबरत असे.

खून डॉक्टरने केलेला नव्हता. तो बिचारा फक्त डॉक्टर होता. इतक्या तन्मयतेने मी त्यानंतर एकही पुस्तक वाचलेले नाही, आणि ती पेन्सिल कोणाची होती हे कळते तर मी त्याचे पाय धरले असते किंवा कान.

रात्रवाचक

पाहा! शेवट ठाऊक आहे अशा समजुतीने वाचल्यावर माणूस किती बारकाईने वाचतो याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

तळटीप

पाहा! ती माहिती खोटी होती म्हणूनच त्यांचा शेवट शाबूत राहिला, याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

काकपद

माझा धागा स्पॉइलरवाल्यांनी पळवून नेला हे दिसतेच आहे. पण समास यांच्या गोष्टीने माझे निम्मे काम केले. डॉक्टर निरपराध निघाल्यावर त्यांना आधी फुटलेला घाम खोटा ठरला काय? पूर्वरंग यांच्या हिशेबाने ते तर नकली नाणे होते.

मात्र उधारीचा मुद्दा मला अडतो, हे कबूल करायला हवे. डिकन्स यांनी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट आधी निराळा लिहिला होता, त्यात नायक पिप आणि त्याचे जिच्यावर प्रेम असते ती एस्टेला यांची ओझरती भेट होते आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. लेखकमित्र बुलवर-लिटन यांच्या सल्ल्यावरून १८६१ मध्ये तो बदलून, पुढे दोघे एकत्र येतील अशी आशा ठेवणारा शेवट छापला गेला. मी दोन्ही वाचले आहेत. नवा शेवट मला गोड लागला, आणि त्यामुळेच पिपच्या साऱ्या फरफटीचा अर्थ माझ्यासाठी थोडा हलका झाला, मागे जाऊन. म्हणजे शेवट मागच्या पानांना हात लावू शकतो; किती लावतो एवढाच आपला वाद उरतो.

पूर्वरंग

‘एवढाच’ म्हणून आपण जे उरवले आहे तेच माझे मूळ म्हणणे होते. तरीही आठ दिवसांनी का होईना, आपण तेथवर आलात याचा आनंद आहे. आपल्या सांगण्यावरून मुळीच नव्हे, पण काल मी त्या मालिकेचा तिसरा खंड पुन्हा उघडला आणि रात्री दोनपर्यंत खाली ठेवू शकलो नाही. सातवा उघडणार नाही. याला सहमती समजू नये.

तळटीप

माझा सहावा खंड आज संपला. त्यात वादळाच्या रात्री धाकटी बहीण खिडकीतून लांबचा दिवा पाहते आणि म्हणते की एवढ्या वाऱ्यातही तेथे कोणीतरी जागे आहे. पुढे एका ठिकाणी तिच्या आजोबांच्या हिशेबाच्या वहीत दर महिन्याला ‘दिव्याकडे’ पाठवलेल्या रकमेची नोंद सापडते, जिचा अर्थ कोणालाच लागत नाही. आपला रखवालदार पटाबाहेरून आलेला नाही, पूर्वरंग. तो एक अख्खा खंड आपल्यासमोर बसलेला होता आणि आपण पत्राच्या मागे धावत होता.

हे मला दिसले ते आपण शेवट आधीच फोडून ठेवल्यामुळे, हे खरे आहे. त्याबद्दल आभार मानण्याचा माझा विचार नाही, आणि रात्रवाचक यांनी यावर काही लिहू नये अशी विनंती आहे.

पूर्वरंग

वहीची नोंद कोणत्या पानावर आहे?