पाडव्याला नोंदवलेली गाडी दुसरा पाडवा आला तरी मिळेना: थांबावे की नोंदणी रद्द करावी?

शिरोलीकर, ४ जानेवारी २०२६

नमस्कार. मी कोल्हापूरचा. गेल्या गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ रोजी, मी पुण्यातील एका विक्रेत्याकडे पूर्ण तयार अवस्थेत आयात होणारी एक जर्मन एसयूव्ही नोंदवली. शोरूममधील किंमत तेव्हा दीड कोटी होती. पाच लाख रुपये आमच्या भागीदारी संस्थेच्या खात्यातून भरले. 'गणपतीत गाडी दारात उभी असेल' असे तोंडी सांगण्यात आले. गणपती गेले, मग दसऱ्याचा वायदा झाला, मग दिवाळीचा, आणि आता येत्या पाडव्याचा. कारण विचारले की तांबड्या समुद्रातील अडचणींमुळे जहाजे उशिरा येत आहेत, हे एकच उत्तर मिळते. शिवाय जीएसटी कमी झाल्यामुळे उशिराचा तुम्हाला फायदाच झाला, असेही ऐकवले जाते.

जुन्या गाडीची मार्चमध्ये ठरलेली एक्स्चेंज किंमत आता तीन लाखांनी उतरली आहे आणि बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपल्याने सर्व कागदपत्रे पुन्हा द्यावी लागणार आहेत. त्यातच, १५ जानेवारीपर्यंत किमतीच्या २५ टक्के रक्कम भरली नाही तर तुमचा क्रमांक पुढच्या ग्राहकाला जाईल, असा ईमेल आला आहे. हवी असल्यास त्याच मॉडेलची काळ्या रंगाची गाडी यार्डात तयार आहे, म्हणे. आम्ही गडद हिरवी नोंदवली होती, आणि माझ्या आईला काळी गाडी दारात नको आहे. अशा स्थितीत काय करावे?

चाकणचा शेजारी

आपण सर्व तारखा दिल्या आहेत, परंतु एक गोष्ट लिहिलेली नाही आणि बहुधा आपल्याला ती कोणी सांगितलेलीही नाही: आपली गाडी बनली आहे का?

मी बरीच वर्षे वाहनांच्या वाहतूक नियोजनात काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आलिशान गाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात येतात आणि चाकण, चेन्नई किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जोडल्या जातात. आपली गाडी त्यांतली नाही. विक्रेता आपली मागणी कंपनीच्या भारतीय कार्यालयाकडे पाठवतो, तेथून ती परदेशातील कारखान्याकडे जाते, आणि भारतासाठी ठरलेल्या वाट्यात तिला जागा मिळाली की मगच तिचा उत्पादनाचा आठवडा ठरतो. नोंदणीची पावती आणि ही जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावती हातात असूनही मागणी कित्येक महिने विक्रेत्याच्या संगणकातच पडून राहू शकते, आणि त्या काळात ग्राहकाला मात्र गाडी समुद्रात आहे असे वाटत असते.

तांबड्या समुद्राचे कारण खोटे नाही. २०२३च्या अखेरीपासून जहाजांवर हल्ले होऊ लागल्याने अनेक कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालण्यास सुरुवात केली. परंतु केप ऑफ गुड होपच्या या वळशाने प्रवासात साधारण दहा ते चौदा दिवसांची भर पडते. ऑगस्टमध्ये येणारी गाडी त्यामुळे सप्टेंबरमध्ये येईल, पुढच्या मार्चमध्ये नव्हे.

जहाजामुळेच मोठा उशीर होण्याचे खरे उदाहरण 'फेलिसिटी एस'चे आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये सुमारे चार हजार गाड्या घेऊन अमेरिकेकडे निघालेल्या या जहाजाला अझोरेस बेटांजवळ आग लागली आणि १ मार्चला ते बुडाले. पण त्या ग्राहकांच्या गाड्या बनल्या होत्या, त्यांना क्रमांक होते, आणि कोणती गाडी बुडाली हे नेमके सांगता येत होते. आपणही तेवढेच विचारा. सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे चॅसिस क्रमांक, आणि जहाजाचे नाव ईमेलवर मागा. गाडी खरोखर जहाजावर असेल तर ही माहिती विक्रेत्याला मिळवता येते. ती देता येत नसेल, तर अडचण समुद्रात नाही.

गोदाकाठ

काळ्या गाडीबद्दल सावध राहा. माझ्या गाडीला असाच उशीर झाला आणि मीही कंटाळून यार्डातील 'तयार' गाडी घेतली. ती मार्चमध्ये मिळाली. आरसीवर निर्मितीचा महिना पाहिला तर आदल्या वर्षीचा ऑगस्ट! उन्हापावसात उभी राहून बॅटरी इतकी उतरली होती की ती पहिल्याच महिन्यात बदलावी लागली. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक नोंदणीचे नव्हे, निर्मितीचे वर्ष बघते. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते वाचायला विक्रेत्याच्या परवानगीची गरज नसते.

जीएसटीच्या फायद्याचा हिशेबही पुरा मांडलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवरील २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर जाऊन ४० टक्के सरसकट कर आला, म्हणजे आपली दीड कोटींची गाडी एक कोटी चाळीस लाखांवर आली. दहा लाख वाचले, हे खरेच आहे. पण महाराष्ट्रात १ जुलै २०२५पासून एकरकमी वाहनकराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे. आयात गाडीला, तसेच कंपनीच्या नावावरील गाडीला, हा कर २० टक्के आहे, त्यामुळे पूर्वी जो २० लाखांवर थांबला असता तो आता २८ लाख होतो. उरले दोन लाख, आणि तुमच्या जुन्या गाडीचे तीन लाख तर आधीच गेले.

कायद्याचा विद्यार्थी

२५ टक्के भरण्याआधी नोंदणीच्या अर्जामागील बारीक अक्षरांतील अटी वाचाव्यात. 'वितरणाच्या दिवशीची किंमत लागू राहील' हे वाक्य त्यात जवळजवळ हमखास असते. रक्कम केव्हा मागता येते आणि नोंदणी रद्द केल्यास किती कापली जाते, हेही तेथेच सापडेल. मार्चमध्ये मान्य केलेल्या अटींत २५ टक्क्यांचा टप्पा नसेल, तर तो आता एकतर्फी घालता येत नाही, असे लेखी कळवावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार कोणत्या पातळीवरील ग्राहक आयोगाकडे जाते, हे प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरते. आपण पाच लाख दिले आहेत, म्हणजे प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि तक्रारदार राहतो त्या ठिकाणी, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणे सोपे असते.

अडचण एकच दिसते. नोंदणी भागीदारी संस्थेच्या नावावर असल्याने, ही व्यावसायिक हेतूने केलेली खरेदी आहे आणि म्हणून आपण 'ग्राहक' नाही, असा आक्षेप समोरून नक्की येईल. गाडी भागीदाराच्या वैयक्तिक वापरासाठी आहे हे मग आपल्याला दाखवावे लागेल. प्राप्तिकरात घसाऱ्याची, म्हणजे गाडीच्या दरवर्षी घटणाऱ्या किमतीची, सवलत मिळावी म्हणून लोक सर्रास संस्थेच्या नावावर गाडी घेतात.

स्टुटगार्टहून

जेथून या गाड्या येतात तेथेही वाट पाहावीच लागते. मात्र येथे विक्रेत्याला आपली तारीख 'बंधनकारक' आहे की 'अंदाजे' हे करारातच लिहावे लागते, आणि प्रचलित करारानुसार अंदाजे तारीख उलटून सहा आठवडे झाले की ग्राहक गाडीची रीतसर मागणी करू शकतो. त्यामुळे सण सांगून कोणी तारीख देत नाही.

शिरोलीकर, १९ जानेवारी २०२६

सर्वांचे मनापासून आभार. चॅसिस क्रमांक आणि जहाजाचे नाव मागणारा ईमेल पाठवल्यावर चार दिवस शांतता होती. मग विक्री व्यवस्थापकांचा फोन आला आणि त्यांनी फोनवरच सर्व मिटवण्याचा बराच प्रयत्न केला. मी लेखी उत्तराचा आग्रह सोडला नाही. उत्तर असे आले की आमची मागणी कारखान्याकडे प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये गेली, गाडी अद्याप बनलेली नाही, आणि उत्पादनासाठी २०२६चा नववा आठवडा मिळाला आहे. म्हणजे फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. तांबड्या समुद्राचा त्या पत्रात उल्लेख नाही.

अर्जाच्या अटींत २५ टक्के कोठेही नव्हते. चॅसिस क्रमांक हाती आल्यावर पुढील रक्कम देऊ, असे कळवले आणि ते त्यांनी मान्य केले. एक्स्चेंजची मार्चमधील किंमत पुन्हा लावावी ही मागणी अजून चर्चेत आहे; निम्मा फरक देण्याची त्यांची तयारी दिसते. काळी गाडीही पुण्याला जाऊन पाहिली. चारही टायरांवर १४२५ होते.

उत्पादनाचा आठवडा खरा ठरला तर गाडी एप्रिल किंवा मे महिन्यात येईल, म्हणून नोंदणी तूर्त ठेवली आहे. आईने ते ऐकून एवढेच म्हटले की मग जुन्या गाडीचे सर्व्हिसिंग तरी वेळेवर करून घे. उद्या सकाळी ती गॅरेजला सोडतो आहे.