मदत हवी आहे : अक्षरजुळणीसाठी नवा लॅपटॉप, जुने पेजमेकर आणि डोंगल सांभाळून घेणारा

नमस्कार. मी कराडला राहते आणि गेली सोळा वर्षे घरून मराठी अक्षरजुळणी करते. पुस्तके, स्मरणिका, पत्रिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक.

माझा लॅपटॉप २०१७ चा आहे. आय५-७२००यू प्रोसेसर, रॅम ४ जीबी होती ती वाढवून ८ केली. २०२० मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, तेव्हा त्याचा नवा जन्म झाल्यासारखे वाटले होते. आता मात्र तीन दुखणी एकदम आली आहेत. उजवी बिजागरी उखडली, प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी आटेच बाहेर आले. एम-सीलने चिकटवून चालवते आहे. टचपॅड मधोमध वर उचलला गेला आहे आणि डावीकडे दाबलाच जात नाही. तिसरे म्हणजे विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. सुरक्षा अपडेटची वर्षभराची वाढीव मुदत घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. म्हणजे ऐन अंकांच्या छपाईत.

गेल्या भाद्रपदात एका अंकाची १७६ पाने शेवटच्या प्रुफावर असताना हा बंद पडला. कंपनीच्या अधिकृत केंद्रात दिला, तर सुटा भाग येतो आहे, येतो आहे असे म्हणत अकरा दिवस गेले. बॅकअप होता म्हणून मजकूर वाचला, पण मी शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर रात्री बसून पाने लावली. संपादकांनी एका शब्दानेही बोलून दाखवले नाही, तरी मला त्यांचा फोन उचलताना धडधडायचे. पुन्हा ती वेळ नको आहे, म्हणून अंकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत बदलायचा आहे.

माझे काम नेहमीच्या ऑफिसकामापेक्षा वेगळे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जुन्या प्रकाशकांच्या फाइली पेजमेकर ७ या पाने लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (म्हणजे तोच फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही अशा) आहेत. पुनर्मुद्रण आले की त्याच उघडाव्या लागतात. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरसाठी यूएसबीचे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावावे लागते. त्या फॉन्टमधली काही जोडाक्षरे ऑल्ट दाबून आकड्यांच्या पट्टीवर कोड मारून येतात, त्यामुळे उजवीकडची आकड्यांची पट्टी मला हवीच. मी टायपिंग मशीनवर शिकले, मराठी ४० ची परीक्षा दिलेली. हात वेगाने चालतो, आणि बटणे उथळ असली की काना-मात्रा सुटतात. नवे काम युनिकोडमध्ये, इनडिझाइनवर होते. दोनशे पानांत छायाचित्रे आली की ८ जीबी रॅम गुदमरते.

६५ हजार जमवले आहेत. दुकानदार १५.६ इंची, एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा, ८ जीबीचा दाखवतो आणि 'अगदी नवीन सिरीज' म्हणतो. दुसरा स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाला सुचवतो, बॅटरी दिवसभर जाते म्हणे. पुण्याचा भाचा मॅकबुक एअर घे म्हणतो. तिसरीकडे कंपन्यांतून वापरून परत आलेले थिंकपॅड लॅपटॉप निम्म्या किमतीत मिळतात. यातले आठ वर्षे कोण टिकेल? आणि कराडमध्ये दुरुस्त कोण होईल?

प्रतिसाद १

ताई, मी कोल्हापुरात लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. नव्या लॅपटॉपचे नंतर बोलू. टचपॅड वर आला म्हणजे खाली बॅटरी फुगली आहे. आजपासून चार्जिंग बंद करा, वरून दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, आणि जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. बॅटरी काढल्यावर बरेच लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात, तुमचे चालू काम तसे निभेल. फक्त वीज गेली तर तो तिथेच बंद होईल, तेव्हा घडीघडी सेव्ह करा. काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आता रायझनचे. ७००० च्या मालिकेत पहिला आकडा विक्रीचे वर्ष सांगतो, आतली रचना तिसरा आकडा सांगतो. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची. शिवाय या चिपला रॅम मदरबोर्डवर डाग दिलेलीच असते. ८ जीबी घेतली की कायमची ८. तुम्ही याआधी रॅम वाढवून आणि डिस्क बदलून तीच मशीन इतकी वर्षे ओढली, ती वाट इथे पहिल्या दिवशीच बंद होते. एकच आकडा पुढे, ७५३०यू, म्हणजे झेन ३, तो पुष्कळ बरा. इंटेलमध्ये आय५-१३३५यू किंवा १३४२०एच चालेल. १६ जीबी रॅम आणि एक तरी मोकळा स्लॉट, एवढा हट्ट धरा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढले आहेत, त्यामुळे 'नंतर टाकू' म्हणून ८ वर थांबू नका.

स्नॅपड्रॅगन तुमच्यासाठी नाही. त्याची जात एआरएम, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी. जुने प्रोग्रॅम तो अनुवाद करून चालवतो, पण हार्डवेअरला विंडोजशी जोडणारा ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो, आणि तसा नसेल तर डोंगल ओळखलेच जात नाही. मॅकचेही तेच, जुने पेजमेकर आजच्या मॅकवर चालत नाही. यंत्रे दोन्ही चांगली, पण तुमची सोळा वर्षांची कामे त्यांवर उघडणार नाहीत.

इंटेल-एएमडीवरही एक अडचण येऊ शकते. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय असते, ती जुने ड्रायव्हर अडवते. लोक ती सरळ बंद करतात. तसे करण्याआधी श्रीलिपीवाल्यांकडे फोन करून तुमच्या डोंगलसाठी विंडोज ११, ६४ बिटचा ड्रायव्हर मागा.

प्रतिसाद २

डेस्कटॉप आणि यूपीएस का नाही घेत? त्याच पैशात मोठा पडदा, हवा तो कीबोर्ड, आणि कुठलाही भाग गावात बदलून मिळतो. आमच्या प्रेसमध्ये २०१२ चा डेस्कटॉप अजून प्लेटची कामे काढतो.

प्रतिसाद ३

मीही अक्षरजुळणीच करते, नाशिकला. आकड्यांच्या पट्टीसाठी १५.६ इंचीच घ्यावा असे काही नाही. यूएसबीची सुटी पट्टी मिळते, ऑल्ट कोड तिच्यावर व्यवस्थित चालतात. मी १४ इंची जुना थिंकपॅड घेतला तो कीबोर्डसाठी. बटण पुरेसे खाली जाते, बोटाला कळते. परत आलेला घेणार असाल तर इंटेल आठव्या पिढीपेक्षा जुना घेऊ नका, नाहीतर विंडोज ११ चे दुखणे पुन्हा तेच. दुकानातच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. जो अहवाल तयार होतो त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता शेजारी शेजारी दिसते.

पडद्याची उंचीही बघा. १९२० बाय १२०० असेल तर ए४ पान उभे जास्त दिसते, प्रुफ वाचताना दर वेळी खाली सरकवावे लागत नाही. स्वस्त पडद्यांवर '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेले असते, म्हणजे रंग कमी आणि फिके दिसतात, त्यावर मुखपृष्ठाचे रंग ठरवू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरी काल काढून घेतली. उशीसारखी फुगली होती, बघून पोटात गोळा आला. इतके दिवस मी तो मांडीवर घेऊन बसत होते.

डेस्कटॉपचा विचार मी केला होता. पण अंकाच्या शेवटच्या आठवड्यात प्रेसमध्ये बसून दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि सासूबाईंचे बरे नसले की गावी जाऊन तिथून काम करते. तिथे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

काल डोंगल आणि पेजमेकरच्या तीन फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात गेले. दुकानदाराला आधी विचित्र वाटले, मग त्यानेच खुर्ची दिली. श्रीलिपीवाल्यांकडून ड्रायव्हर आणून ठेवला होताच. १६ इंची, आय५-१३४२०एच, १६ जीबी, एक स्लॉट मोकळा असलेल्या मशीनवर मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवूनही डोंगल ओळखले गेले. २००९ मधल्या एका कवितासंग्रहाची फाइल उघडली, 'ऱ्ह' आणि 'द्ध्य' जागच्या जागी आले. खूप हायसे वाटले. झाकण मधोमध धरून एका हाताने उघडते. किमतीत वर्षभराची वॉरंटी आहे, आणि वाढवून तीन वर्षांची, तंत्रज्ञ घरी येणारी, घेतली तर बजेटच्या वर साडेचार हजार जातात. ते मी घालीन, अकरा दिवसांचा तो अनुभव पुन्हा नको.

दोन गोष्टी अजून सांगा. घरी येणारी सेवा कराडच्या पिनकोडला खरोखर मिळते का, हे बिल करण्याआधी लेखी कुणाकडून घ्यायचे, दुकानदाराकडून की थेट कंपनीकडून? आणि मी दिवसभर चार्जर लावूनच बसते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय त्यात दिसली. तेवढ्याने बॅटरी फुगणे टळते, की मधूनमधून चार्जर काढून चालवायला हवा?