माती, जनावरं आणि माणसं एकाच अभ्यासात कशी बसवायची? सल्ला हवाय

मृद्गंध

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. मी मातीतल्या जिवाणूंवर काम केलेली, जनावरांशी माझा संबंध शेणखतापुरता आणि पेशंटशी तर तेवढाही नाही. आता पीएचडीचा विषय असा ठरतोय की गोठ्यात वापरलेल्या अँटिबायोटिक्समुळे तयार होणारा रेझिस्टन्स (जिवाणूंनी औषधाला दाद न देणं) शेणखतातून शेतात, तिथून ओढ्या-विहिरींत आणि पुढे माणसांपर्यंत जातो का. गाईड म्हणतात हे 'वन हेल्थ' पद्धतीने कर, म्हणजे माणसं, जनावरं आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र धरून. करायला हरकत नाही हो, पण मी जे पेपर वाचतेय त्यातल्या कित्येकांत पहिल्या पानावर ते एकमेकांत अडकलेले तीन गोल असतात, आत गेलं की फक्त कोंबड्यांचे स्वॅब, आणि शेवटी एक वाक्य की याचा मानवी आरोग्यावर परिणाम संभवतो. असलं काही करायचं नाहीये.

तर सुरुवात कुठून करू, नमुने कसे ठरवू, कुठलं सॉफ्टवेअर शिकू, टीममध्ये कोण हवंच हवं, सगळं सांगा. वेळ तीन वर्षं, हात दोनच, पैसे बेताचे.

गुरांचा_डॉक्टर

धागा आवडला. पहिला सल्ला म्हणजे विषय कापा. गोठा ते शेत, शेत ते पाणी, पाणी ते माणूस हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकटीने तिन्ही करायला गेलात तर तिन्ही कच्चे राहतील. एक जोड पक्की धरा आणि बाकीच्या दोन्हींत दुसऱ्या कुणाचा तरी चालू असलेला डेटा मिळतो का बघा.

दुसरं, पशुवैद्यकाला नुसता नमुने गोळा करणारा माणूस म्हणून घेऊ नका (हे जरा मनाला लागलेलं आहे म्हणून सांगतोय). १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेंदूज्वराचे पेशंट यायला लागले, तेव्हा माणसांच्या बाजूने निदान झालं सेंट लुईस एन्सेफलायटिस, म्हणजे डासांतून येणारा एक व्हायरल मेंदूज्वर. त्याच दिवसांत शहरात कावळे मरत होते आणि ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात फ्लेमिंगो मरत होते. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा यांचं म्हणणं असं की सेंट लुईसने पक्षी असे पटापट मरत नाहीत, आणि घोड्यांतला तो दुसरा मेंदूज्वर, ईस्टर्न इक्वाइन, म्हणावा तर सगळ्यात आधी इमू मरायला हवेत, आणि इमू तर मजेत आहेत. शेवटी निघाला वेस्ट नाइल व्हायरस, जो त्याआधी अमेरिकेत सापडलाच नव्हता. म्हणजे कोण मेलं यापेक्षा कोण मेलं नाही यावरून धागा लागला, आणि हे पेशंटचं रक्त कितीही तपासलं असतं तरी दिसलं नसतं.

उलटंही होतं. नेदरलँड्समध्ये शेळ्यांचे गर्भपात २००५ पासून दिसत होते, माणसांत क्यू फीव्हरची (शेळ्या-मेंढ्यांकडून येणारा जिवाणूंचा ताप) साथ २००७ ला लक्षात आली, २०१० पर्यंत चार हजारांवर पेशंट झाले आणि शेवटी लागण झालेल्या फार्मवरच्या गाभण शेळ्या मारायची वेळ आली.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी माणसांच्या साथरोगशास्त्रातला, त्यामुळे माझं थोडं कोरडं वाटेल.

जोडणी नमुने घेण्याच्या आधी करायची असते, निष्कर्षात नाही. ती झाली की नाही हे तपासायला एक सोपी कसोटी आहे: तुमच्या थीसिसमधलं एक तरी वाक्य असं हवं की जे फक्त मातीचे नमुने, फक्त जनावरांचे, किंवा फक्त माणसांचे असते तर लिहिताच आलं नसतं. ते वाक्य आत्ताच लिहून भिंतीवर चिकटवा. (आकडे रिकामे ठेवा अर्थात.)

उदाहरण म्हणून चाडमधलं काम बघा, स्विस संशोधक याकोब त्सिनस्टाग आणि त्यांच्या गटाचं. भटक्या पशुपालकांच्या तांड्यांवर डॉक्टर आणि पशुवैद्यक एकत्र गेले, माणसं आणि गुरं एकाच भेटीत तपासली, आणि दिसलं काय तर गुरांचं लसीकरण मुलांपेक्षा जास्त झालेलं. का, तर गुरांच्या लसीची टीम तांड्यापर्यंत पोचत होती आणि मुलांच्या लसीची पोचत नव्हती. मग दोन्ही लसीकरणं एकाच फेरीत करायला सुरुवात झाली. दोन खात्यांनी दोन वेगळे सर्व्हे केले असते तर दोन्ही अहवाल बरोबर असते आणि ही गोष्ट कुणालाच दिसली नसती.

तुमच्या विषयात पद्धत नव्याने शोधत बसू नका. डब्ल्यूएचओची 'ट्रायसायकल' नावाची पद्धत आहे, २०२१ ची, ती एकाच जिवाणूवर बेतलेली आहे: ईएसबीएलवाला ई. कोलाय, म्हणजे आतड्यातला तो नेहमीचा जिवाणू, पण काही अँटिबायोटिक्स निकामी करणारं ईएसबीएल हे एन्झाइम बनवणारा. माणसं, अन्नसाखळी आणि पर्यावरण, तिन्हीकडे तोच जिवाणू, तीच पद्धत. माणसांत हॉस्पिटलातले रक्तसंसर्गाचे पेशंट आणि निरोगी गरोदर बायका, अन्नसाखळीत कोंबड्या, पर्यावरणात नदी गावाच्या वर आणि गावाच्या खाली, शिवाय सांडपाणी. सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक घातलेल्या आणि न घातलेल्या, जिवाणू वाढवायच्या प्लेटवर दोन्हीकडे मोजायचं, म्हणजे एकूण ई. कोलायपैकी किती रेझिस्टंट हे प्रमाण मिळतं. साधी प्लेट आहे, महागडं यंत्र नाही, आणि तुमचे आकडे दुसऱ्या देशातल्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. कोंबड्यांच्या जागी तुम्ही गोठा घ्या पण मोजायची रीत बदलू नका.

सॉफ्टवेअर: आकडेवारीला आर आणि नकाशांना क्यूजीआयएस, दोन्ही फुकट, दोन्ही पुरेसे. आणि लिहायच्या आधी 'कोहेअर' ही चेकलिस्ट वाचा, वन हेल्थ अभ्यासात काय काय सांगायला हवं त्याची यादी आहे. बहुतेक लोक पेपर परत आल्यावर वाचतात.

चहाटळ

वाचनखूण साठवली. इमू मजेत आहेत हे वाक्य फ्रेम करून ठेवतो.

मृद्गंध

मनापासून आभार दोघांचेही. आकडेमोड, मी आत्तापर्यंत सगळ्याचं जीनोम सिक्वेन्सिंग (जिवाणूचा पूर्ण डीएनए वाचणं) करायचा विचार करत होते, गोठ्यातला आणि माणसातला जिवाणू एकच निघाला की झालं सिद्ध, असं डोक्यात होतं. ते लागेलच ना?

आकडेमोड

लागेल, पण सगळ्याचं नाही, आणि उत्तर तुम्हाला हवं ते येईलच असं धरू नका. इटलीत पाविया आणि आसपास क्लेब्सिएला या जिवाणूचा एक मोठा अभ्यास झाला, २०२२ ला छापून आला, हॉस्पिटल, निरोगी माणसं, जनावरं, पाणी, माती सगळीकडून तीन हजारांहून जास्त जीनोम. निष्कर्ष काय, तर माणसांत येणारा बहुतेक क्लेब्सिएला दुसऱ्या माणसांकडूनच येतो, प्राणी-पर्यावरणाकडून येणं कमी. ब्रिटनमध्ये ईएसबीएल ई. कोलायवर २०१९ ला आलेल्या कामातही रक्तसंसर्गातले प्रकार माणसांच्या सांडपाण्यातल्या प्रकारांशी जुळले, मांस-जनावरांतल्यांशी फारसे नाहीत. हे निकाल मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण तिन्ही बाजू खरोखर मोजल्या म्हणूनच 'इथून फारसं येत नाही' असं ठामपणे म्हणता आलं.

पण यात एक गोम आहे. रेझिस्टन्सचं जीन प्लाझमिडवर (जिवाणूतलं डीएनएचं छोटं सुटं कडं) बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतं, म्हणजे जिवाणू जुळला नाही तरी जीन आलेलं असू शकतं. शॉर्ट-रीड सिक्वेन्सिंगमध्ये डीएनए छोट्या तुकड्यांत वाचतात, त्यात प्लाझमिड नीट जुळवता येत नाही, त्यासाठी थोडे निवडक नमुने लांब तुकडे वाचणाऱ्या लाँग-रीडला पाठवा. आधी प्लेटवर मोजा, मग निवडा, मग पाठवा.

उगीच_शंका

माफ करा, विरजण घालतोय. मला हे सगळं फंडिंगसाठीचं नवं लेबल वाटतं. प्राण्यांतून माणसांत रोग येतात हे जुनंच आहे, झूनोसिस हा त्यासाठीचा शब्द जर्मन डॉक्टर फिरखोने एकोणिसाव्या शतकात दिला. आता एफएओ (अन्न-शेती), डब्ल्यूएचओ, जागतिक प्राणी आरोग्य संघटना आणि यूएनईपी (पर्यावरण) अशा चार संस्था एकत्र येऊन २०२२ ते २०२६ चा कृती आराखडा काढतात, लोगो देखणा आहे, पण एक उदाहरण द्या जिथे संशोधनाने ही साखळी शेवटपर्यंत दाखवली आणि त्यातून काही बदललं.

गुरांचा_डॉक्टर

लेबलबद्दल अर्धं मान्य. उदाहरण घ्या, गिधाडं. दक्षिण आशियातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० नंतर इतक्या वेगाने संपली की भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घट झाली. आधी सगळे व्हायरस शोधत होते. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या कामातून कळलं की कारण डायक्लोफेनॅक, गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं साधं औषध, ते अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी जाते. लगेच मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं दुसरं औषध गिधाडांना चालतं का हे तपासलं गेलं, चालतं म्हटल्यावर २००६ ला भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. पर्यायी औषध हातात नसतं तर बंदी निघाली असती का आणि टिकली असती का, मला शंका आहे. आमच्या हातात दुखण्यावर काहीतरी लागतंच हो.

माणसांची बाजू मात्र उशिरा मोजली गेली. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी, फ्रँक आणि सुदर्शन यांनी, जिथे गिधाडं भरपूर असायची ते जिल्हे आणि जिथे मुळात कमी होती ते जिल्हे यांची तुलना केली. त्यांचा अंदाज, २००० ते २००५ मध्ये सुमारे पाच लाख जादा मृत्यू. मढी पडून राहणं, भटकी कुत्री वाढणं, पाणी खराब होणं अशी कारणं.

उगीच_शंका

अंदाज आहे हे लक्षात ठेवून, ठीक, पटलं. निदान औषध बदलण्यापर्यंतचा भाग तरी पक्का आहे.

ओढाकाठ

सगळे बोलले आणि पर्यावरण नेहमीप्रमाणे शेवटी, म्हणून मी. या सगळ्या अभ्यासांत आमचा वाटा म्हणजे 'दोन बाटल्या पाणी आणा'. मृद्गंध, तुमची ताकद माती आहे, तिथेच पक्की जोड धरा, म्हणजे गोठा ते शेत आणि शेत ते पाणी.

आता कामाचं. टेट्रासायक्लिन मातीला घट्ट चिकटतं, सल्फोनामाइड मात्र पाण्याबरोबर वाहतं, त्यामुळे 'शेणखतातली अँटिबायोटिक्स' असं एक गाठोडं करू नका. खाद्यातून येणारं तांबं आणि जस्त पण मोजा, त्यांच्यामुळेही रेझिस्टंट जिवाणूंना फायदा मिळतो. आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने! रेझिस्टन्सची जीन्स ३०,००० वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतही सापडलीत, तेव्हा मातीत सापडली म्हणजे गोठ्यातून आली असं होत नाही. शिवाय अमेरिकेतल्या एका प्रयोगात अँटिबायोटिक्स न दिलेल्या गायींचं शेण घातल्यावरही मातीतले आधीचेच रेझिस्टंट जिवाणू फोफावले होते. म्हणून तीन प्रकारची शेतं हवीत, रासायनिक खतवाली, अँटिबायोटिक न दिलेल्या गोठ्याचं खत घातलेली, आणि दिलेल्या गोठ्याचं.

पाण्यात क्रॅसफेज मोजाच. आतड्यातल्या जिवाणूंवर जगणारा हा व्हायरस, माणसाच्या विष्ठेची ती खूण आहे. कित्येक ठिकाणी पाण्यात दिसणारा रेझिस्टन्स नुसत्या विष्ठेच्या प्रमाणावरूनच समजावता येतो, म्हणजे दोष गोठ्याला देऊन मोकळे व्हाल आणि खरं कारण वरच्या वस्तीचं उघडं गटार असेल. नमुने खत घालायच्या आधी, घातल्यावर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच, कारण वाहून जायचं ते तेव्हाच जातं, आरामात आठवड्याने गेलात तर ओढा स्वच्छच दिसणार.

आणि तुम्हाला बुरशी आवडत असेल तर अ‍ॅस्परजिलस या बुरशीचं प्रकरण वाचा, जोडणी म्हणजे काय ते कळेल. नेदरलँड्समध्ये ज्या पेशंटांनी आयुष्यात अ‍ॅझोल हे बुरशीवरचं औषध घेतलेलं नाही त्यांच्या फुफ्फुसात अ‍ॅझोलला न जुमानणारी बुरशी, आणि तिच्या जीनमधला तोच बदल शेतात-कंपोस्टमध्ये, अ‍ॅझोल बुरशीनाशकं मारलेल्या फुलांच्या कंदांच्या कचऱ्यात. डॉक्टरांचं औषध आणि शेतकऱ्याचं औषध एकाच घराण्यातलं.

मृद्गंध

ओढाकाठ, अँटिबायोटिक न दिलेल्या गोठ्याचं खत हा कंट्रोल माझ्या डोक्यातच नव्हता, यासाठी धागा काढला ते सार्थकी लागलं. आता ठरतंय असं: ईएसबीएल ई. कोलाय एकच, तीन प्रकारची शेतं, त्यांच्या खालचा ओढा, आणि माणसांच्या बाजूला नवे नमुने न घेता सांडपाणी आणि हॉस्पिटलने आधीच साठवलेले जिवाणू मिळतात का ते बघणार. भिंतीवरचं वाक्य असं: 'ओढ्यातल्या ईएसबीएलपैकी ___ टक्के गोठ्याशी जुळतात, ___ टक्के माणसांच्या सांडपाण्याशी.' चालेल का?

आकडेमोड

चालेल, पण तिसरी रिकामी जागा ठेवा, 'कशाशीच जुळत नाहीत'. ती सगळ्यात मोठी निघू शकते. हॉस्पिटलच्या नमुन्यांसाठी एथिक्स कमिटीचा अर्ज आजच टाका, कमिटीला तुमच्या पावसाळ्याशी देणंघेणं नसतं.

गुरांचा_डॉक्टर

गोठेवाल्यांना औषधांची वही मागताना एकटी जाऊ नका, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरला बरोबर घ्या, नाहीतर वही मिळेल पण खरी नसेल. कोणाच्या गोठ्यात काय सापडलं हे नावानिशी कुठे जाणार नाही हे लिहून द्या, आणि निकाल आधी त्यांना सांगा, मग पेपर. आणि हो, एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना बूट धुऊन, निर्जंतुक करून जा, नाहीतर दोन गोठ्यांतले जिवाणू जुळतील आणि कारण तुम्हीच असाल.