रात्रीचं विमान, दुपारी तीनची खोली: परदेशातला पहिला दिवस रिकामा ठेवावा का?

मुठेकाठचा (धागाकर्ता)

भाचीचं लग्न नुकतंच झालं. ती आणि जावईबापू पुढच्या आठवड्यात सिंगापूरला निघालेत. टूरवाल्याने आखून दिलेला पहिला दिवस तिने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी साडेसातला चांगी विमानतळ. अकराला सेंटोसा बेट. संध्याकाळी हॉटेलवर 'फ्रेश' होऊन सव्वासातला नाइट सफारी. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले, मी सोडून.

विमान साडेपाच तासांचं. त्यात मध्यरात्री जेवणाची ट्रॉली, शेजारच्याचं उठणं-बसणं आणि उतरायच्या आधीचे दिवे वजा करा. झोप दोन-अडीच तास, तीही मान वाकडी करून. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे साडेसात वाजतात तेव्हा आपल्या शरीराचे पाच वाजलेले असतात. खोली दुपारी दोन-तीनच्या आधी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. बाहेर ३१-३२ अंश आणि हवा इतकी दमट की दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो.

याला लोक ऐटीत जेटलॅग म्हणतात. अडीच तासांच्या फरकाने कसला आलाय जेटलॅग? हे साधं जागरण आहे. आणि नेमक्या याच दिवशी सगळे बारीकसारीक निर्णय घ्यायचे असतात: सिम कुठलं, ट्रेन की टॅक्सी, पैसे आत्ता बदलायचे की नंतर, शाकाहारी कुठे मिळेल. दोघं अर्धवट झोपेत, उपाशी, आणि प्रत्येक गोष्टीला "तू सांग", "नाही, तूच सांग". जोडप्यांची परदेशातली भांडणं मी पाहिली आहेत, ती बहुतेक पहिल्या दुपारची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पहिल्या दिवसासाठी वेळ छापलेलं एकही तिकीट काढू नये. बाकी काय करायचं ते करा.

हिशेबनीस

साफ असहमत. पाच रात्रींची ट्रिप, त्यातला एक दिवस लोळण्यात घालवायचा? रजा मागताना साहेबापुढे काय काय बोलावं लागतं ते आठवा. विमानाचं भाडं, व्हिसा, हॉटेल यांची बेरीज करून दिवसांनी भागा आणि मग सांगा झोप केवढ्याला पडली. झोपायला कोथरूड आहे की.

शिवाय तुमचंच गणित तुमच्यावर उलटतं. रात्री नऊ वाजता तिथे शरीराचे साडेसहाच वाजलेले असतात. मग नाइट सफारीला अडचण काय? ट्राममध्ये बसून तर फिरायचं आहे. उलट दुपारी चार तास ताणून दिली की रात्री दोनपर्यंत छताकडे बघत बसाल आणि दुसरा दिवसही हातचा जाईल. पहिल्या दिवशी उत्साह असतो, तो वापरून घ्यावा. चौथ्या दिवशी पाय बोलायला लागतात.

चहाबाज

हिशेबनीसांना +१. आमच्याकडे लग्नात तीन दिवस जागून चौथ्या दिवशी सत्यनारायण घालतात. ही तरुण मुलं आहेत हो.

सेरंगूनवाली

मी बरीच वर्षं इथे राहते, पाहुणे सतत येत असतात, म्हणून लिहिते. दमणुकीचं राहू द्या, आधी नकाशा बघा. सेंटोसा सिंगापूरच्या पार दक्षिण टोकाला आणि नाइट सफारी मंडाईला, उत्तरेला. तिथे मेट्रो थेट जात नाही, खातिबला उतरून पुढे बस. मधे हॉटेलवर जाऊन आंघोळ करायची म्हणजे अख्खं शहर एकदा आडवं आणि एकदा उभं. हा कार्यक्रम ज्याने आखला त्याने फक्त तिकिटं विकली आहेत.

दुसरं, सगळे उत्साहाने सांगतात की उतरल्या उतरल्या विमानतळावरच्या ज्युएल मॉलमधला धबधबा बघा. ४० मीटर उंच आहे, छान आहे, पण सकाळी आठला तो बंद असतो. दहा-अकराला सुरू होतो. परतीच्या दिवशी बघा. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, त्यामुळे चेक-इनच्या आधी जमतं.

सकाळी करण्यासारखं म्हणजे सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवायचं (बहुतेक ठिकाणी फुकट ठेवतात) आणि बोटॅनिक गार्डनला जायचं. पहाटे पाचपासून उघडं, प्रवेशाला पैसे नाहीत, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. झाडाखाली बसून डोळा लागला तरी कुणी उठवत नाही. नाहीतर लिटिल इंडियात या. कोमला विलास १९४७ पासून आहे, सकाळी डोसा आणि कॉफी मिळते. परदेशात येऊन डोसा कशाला, असं म्हणणारे दुपारी बाराला फळांच्या दुकानासमोर तोंड पाडून उभे दिसतात.

मुठेकाठचा

हिशेबनीस, भागाकार बरोबर आहे, पण पेंगत बघितलेल्या सफारीचेही पैसे पूर्णच लागतात ना? अंधारात संथ चालणारी ट्राम, जागरण झालेला माणूस. चाळीस मिनिटांत किती प्राणी दिसतील ते सांगा.

तिरका_डोळा

तुम्ही दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडताय. प्रश्न विमानाचा आहे. दिवसाचं विमान घ्या, संध्याकाळी पोचा, जेवा, झोपा. नसेल जमत तर हॉटेल आदल्या रात्रीपासून बुक करा आणि सकाळी सरळ खोलीत जा. फक्त हॉटेलला तसं कळवून ठेवा, नाहीतर रात्री कुणी आलं नाही म्हणून बुकिंगच रद्द करतील.

हिशेबनीस

वा! न झोपलेल्या रात्रीचं भाडं भरा. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर ९ टक्के जीएसटी. दिवसाच्या विमानाने रजेचा एक दिवस हवेत गेला तो वेगळाच. यापेक्षा सेरंगूनवालींची झाडाखालची झोप परवडली.

तिरका_डोळा

रच्याकने (बाय द वे), त्या अडीच तासांतही थोडी फसवणूक आहे. सूर्याच्या हिशेबाने मुंबई-सिंगापूर फरक दोन तासांच्या आसपासच आहे. १९८२ साली त्यांनी मलेशियाबरोबर घड्याळ अर्धा तास पुढे नेलं, म्हणून तिथे सकाळी सातला जेमतेम उजाडतं. उतरल्यावर 'अजून सकाळ झालीच नाही' असं वाटलं तर घड्याळाचाही दोष आहे.

दुपारची_साय

सगळे 'जोडपं' असं बोलताय जणू एकच माणूस आहे. माझा नवरा विमानात टेक-ऑफच्या आधी घोरायला लागतो. मला बसून झोपच येत नाही, पण बाहेर पडलं की मी ताजी. तो मात्र खोलीचा दरवाजा दिसला की कोसळतो. आम्ही यावर रीतसर तह केला आहे. पहिल्या दुपारी तो झोपतो, मी एकटी भटकते, संध्याकाळी सहाला भेटतो. सिंगापुरात मी अशीच टेक्का सेंटरच्या बाजारात हिंडले, मोगऱ्याचा गजरा घेतला, मेट्रोत बँकेचं कार्ड टेकवून जायचं शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याची गाइड मीच.

चहाबाज

ताई, तुमचं लग्न जुनं असेल. नव्या नवरीने पहिल्याच दिवशी नवऱ्याला झोपवून एकटीने बाजार फिरायचा? मग सोबत जायचं कशाला? गैरसोय झाली तरी दोघांनी मिळून सोसावी, तीच तर आठवण राहते.

दुपारची_साय

चहाबाज, एकाने पेंगत दुसऱ्याच्या मागे फरफटत जायचं, याला तुम्ही सोबत म्हणता होय? दहा वर्षांनी सांगायला आठवण चांगली आहे, पण त्या दुपारी ती सोसायची कुणी? आणि नव्या लग्नातच हे ठरवलेलं बरं. उशिरा ठरवलं की त्याचा रुसवा होतो.

सेरंगूनवाली

सुरक्षिततेचा मुद्दा कुणी काढायच्या आत सांगते: भरदुपारी लिटिल इंडियात एकटी बाई फिरणं ही इथे बातमी नाही. मेट्रोत काही खाऊ-पिऊ नका मात्र. बाटलीतलं पाणीसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे.

मुठेकाठचा

भाचीला धागा वाचायला दिला. ती म्हणाली, "मामा, मला झोप येणार नाही आणि त्याला येईल, हे मला आत्ताच माहीत आहे." जावईबापूंनी यावर काहीही न बोलता फक्त मान हलवली. सेंटोसा आता दुसऱ्या दिवशी गेलं आहे. नाइट सफारीचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं आहे. टूरवाला म्हणतो, तारीख बदलून मिळेल, पैसे परत नाहीत. मग पहिल्या संध्याकाळी काय?

सेरंगूनवाली

सफारी तिसऱ्या दिवशी ढकला आणि त्या दुपारी पुरुषमंडळींना झोपू द्या. पहिल्या संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. बाहेरची बाग फुकट आहे, पैसे फक्त काचेच्या घुमटांना. पावणेआठ आणि पावणेनऊला सुपरट्रीजवर (झाडांच्या आकाराचे उंच मनोरे) दिव्यांचा खेळ होतो, तिकीट नाही, वेळ चुकली तर पुढचा. लोक झाडांखाली जमिनीवर आडवे होऊन बघतात, त्यामुळे जावईबापूंची सोय आपोआप झाली. सात वाजताच जाऊन जागा धरा.

हिशेबनीस

म्हणजे विमानाचे एवढे पैसे मोजून पहिल्या दिवशी बागेत जमिनीवर लोळायचं आणि तेही दोनदा, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. माझा विरोध नोंदवून ठेवा. घुमटांचं तिकीट तरी काढा, आत एसी आहे.