मदत हवी आहे: लायसन्स नव्हतं म्हणून अपघाताचा अर्धा दोष आपोआप आपला?

तळेगाव-चाकण रस्त्यावर धाकटा भाऊ बाइकवरून आपल्या बाजूने सरळ चालला होता. समोरून येणारी कार पेट्रोल पंपासाठी एकदम उजवीकडे वळली आणि त्याला धडकली. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. हेल्मेट होतं. गुन्हा कारचालकावरच नोंद आहे, आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात कार आमच्या बाजूला आडवी उभी असल्याचं लिहिलंय. पंपाचं सीसीटीव्ही मागायला गेलो, तोवर रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं.

अडचण एकच. भावाचं लर्निंग लायसन्स होतं आणि त्याचीही मुदत संपली होती. कारच्या विमा कंपनीचा माणूस म्हणतो, त्यामुळे ५० टक्के दोष तुमचा, अर्ध्या रकमेवर तडजोड करा. विनालायसन्सचा दंड भरायला आमची ना नाही, पण धडक काही त्यामुळे झाली नाही!

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा लावायचा विचार आहे. सहा महिन्यांची मुदत जवळ आलीय, म्हणून घाई. असा दावा प्रत्यक्ष लढवलेल्यांनी सांगा: नुसतं लायसन्स नाही एवढ्यावरून न्यायाधिकरण भरपाई कापतं, की भावाच्या चालवण्यातली चूक विमा कंपनीला सिद्ध करावी लागते?