जुन्या डॉट मॅट्रिक्सची केबल कोणती आहे ही?

नागपुरात महाल भागातल्या दुकानाच्या माळ्यावरून बाबांचा प्रिंटर काढला, सोबत जाड राखाडी केबल निघाली, एका टोकाला २५ पिना अन् दुसऱ्या टोकाला पिनाच नाही, मधात पट्टी अन् तिच्या दोन्ही बाजूनं चपटे पत्रे. बाबा त्यावर बिलं काढायचे, मले तो चालू करायचाच आहे. ही लावू कुठं?

उत्तर १:
पत्रे मोज भाऊ. ३६ असले तर सेंट्रॉनिक्स, म्हणजे पॅरलल प्रिंटर केबलच. ते टोक प्रिंटरात, दोन्हीकडच्या तारेच्या क्लिपा वर करून अडकव. २५ पिनांचं टोक पीसीच्या २५ भोकांच्या पोर्टात. पीसीवर पिना बाहेर दिसत असल्या तर तो सिरियल पोर्ट, तिथं नको लावू.

उत्तर २:
अन् ५० निघाले तर स्कझी आहे, म्हणजे जुन्या हार्ड डिस्क-स्कॅनरची केबल, दिसायला तशीच पण थोडी लांब. लावताना दोन्ही मशीन बंद ठेव बरं, चालू असताना खुपसलं की पोर्ट जाऊ शकते.

मूळ प्रश्नकर्ता:
३६ च आहेत! पण लॅपटॉपला असं पोर्टच नाही.

उत्तर १:
यूएसबी टू पॅरलल केबल घे, सीताबर्डीत विचारून पाय. सेंट्रॉनिक्स टोकवालीच माग. प्रिंटरले चालते ती, जुन्या पॅरलल स्कॅनरले सहसा नाही.