मदत हवी आहे: क्रॅपी गळाला लागत नाहीत, आमिष मात्र रोज गायब

उपाशीगळ:
क्रॅपी (तळ्यातला चपटा मासा) पकडायला नुकतीच सुरुवात केलीय. व्हिडिओत लोक भराभर काढतात, इथे बॉबर (दोऱ्यावरचा तरंगणारा गोळा) नुसता थरथरतो. ओढलं की गळ रिकामा, गांडूळ गायब. दोन लागले तेही वर येता येता सुटले. रॉड-रीळ नवं कोरं आहे. काय चुकतंय? 'संयम ठेवा' सोडून काहीही सांगा.

तळ्यात_मळ्यात:
राज्य कोणतं? तळं कोणतं? दोरा किती पाउंड पेलणारा, गळ कितव्या नंबरचा, आमिष किती खोल?

उपाशीगळ:
गळ दुकानदाराने दिला तोच. आमिष तळाला.

मनगट_हलकं:
बॉबर थरथरतो आणि गांडूळ जातं म्हणजे ब्लूगिल मासे. तोंड एवढंसं, कुरतडून नेतात. क्रॅपीला छोटे मासे लागतात. दीड-दोन इंची जिवंत मिनो (आमिषाचे छोटे मासे) घ्या, पातळ तारेचा ४ किंवा ६ नंबरचा अ‍ॅबरडीन गळ, दोन्ही ओठांतून खालून वर टोचा. पाठीतून टोचायचा तर कण्याच्या वरून, नाहीतर मेलाच. हा गळ फांदीत अडकला तरी जोर लावला की सरळ होऊन सुटतो. परत वाकवायचा.

जिगवाला:
मिनोंची बादली कोण सांभाळणार? नळाचं पाणी भरलं की क्लोरीनने मरतात, उन्हात ठेवली की गुदमरून. १/१६ औंसाचा जिग (शिशाचं डोकं असलेला गळ), त्यावर दोन इंची प्लॅस्टिक ट्यूब, गढूळ पाण्याला चार्ट्र्यूज (पिवळट हिरवा) रंग. झालं.

मनगट_हलकं:
नवशिक्याला जिग किती हळू ओढायचा ते कळत नाही. मिनो आपला आपण हलतो.

जिगवाला:
ओढायला कोण सांगतंय? बॉबरखाली लटकवा, लाटाच हलवतात.

खोलपाणी:
सोनार (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) बसवा. मासा जिगकडे वळलेला पडद्यावर दिसतो.

तळ्यात_मळ्यात:
अहो, तो काठावर आहे की बोटीत ते अजून सांगितलेलं नाही!

उपाशीगळ:
काठावर, बोट कुठून आणू? टेक्सास, डॅलसजवळ, लुइसव्हिल लेक. दोरा १२ पाउंडचा.

तळ्यात_मळ्यात:
हे आधी सांगायचं ना राव. १२ पाउंड जाड पडतो, हलकं आमिष त्यावर नीट फेकताच येत नाही. ४ किंवा ६ पाउंडचा मोनो (एकपदरी नायलॉनचा दोरा) भरा. दुसरं, क्रॅपी खालून वर बघून खाते. तळाला ठेवलेलं आमिष तिच्या खाली राहतं. वरच ठेवा.

स्लिप बॉबर (दोऱ्यावर सरकणारा) असा बांधा: आधी स्टॉपची म्हणजे बॉबर अडवणारी गाठ, मग मणी, मग बॉबर, खाली शिशाची गोळी, तिच्याखाली आठ-दहा इंचांवर गळ. मणी विसरलात तर गाठ बॉबरच्या भोकातून निसटते. गोळी इतकीच जड की बॉबरचं टोक जेमतेम वर राहील. गाठ सरकवून खोली बदलायची. मार्च-एप्रिलमध्ये पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअसवर आलं की मासे अंडी घालायला उथळात येतात. दोन ते सहा फुटांत, बुडालेल्या झुडपांपाशी बघा. उन्हाळ्यात खोल जातात, तेव्हा पिअरच्या (पाण्यात गेलेल्या धक्क्याच्या) खांबांलगत.

उपाशीगळ:
बॉबर आडवा पडतो कधीकधी. ते काय?

मनगट_हलकं:
तीच क्रॅपी! आमिष घेऊन वर उठते, गोळीचं वजन बॉबरवरून जातं, तो आडवा होतो. बुडायची वाट बघू नका. ढिला दोरा गुंडाळा, ताण आला की मनगट हलकंच वर. तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, हिसका मारला की भोक मोठं होतं आणि मासा सुटतो. तुमचे दोन तसेच गेले असणार. रीळचा ड्रॅग (मासा ओढताना दोरा सुटू देणारा ब्रेक) ढिला ठेवा. मासा उचलू नका, जाळीत घ्या.

नियमावली:
टेक्सासमध्ये क्रॅपी किमान १० इंच, दिवसाला २५. काही तळ्यांना वेगळे नियम आहेत. तोंड मिटून, शेपटी चिमटीत धरून मोजा. वय १७ किंवा जास्त असेल तर परवाना लागतो, स्टेट पार्कच्या काठावरून मात्र नाही. घरी जाताना बादलीतलं पाणी तिथेच ओता, झेब्रा शिंपल्यांमुळे (बाहेरून आलेली, पाण्यातून पसरणारी जात) कायदा आहे.

कोकमआगळ:
गरवलेत की आगळ, हळद, मीठ लावून रव्यात घोळवा.

जिगवाला:
रवा नको, तांदळाचं पीठ. क्रॅपीचं मांस नाजूक, रव्याखाली चवच लागत नाही.

कोकमआगळ:
तांदळाच्या पिठात तव्यावर उलटताना तुकडे होतात. रवाच.

उपाशीगळ:
आधी मासा तर लागू दे. बॉबरचा मणी वेगळा घ्यावा लागतो का?

तळ्यात_मळ्यात:
बहुतेक पाकिटात गाठ आणि मणी असतात. मणी बॉबरच्या भोकापेक्षा मोठा आहे ना, तेवढं बघा.